कोण थांबतं, कशावर थांबतं

डॉक्टर : सिस्टर, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचा विषय निघाला की माझी पहिली शंका असते ती उपाय कुठे लावतोय याची. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्याला काय छळतं हे काही लपलेलं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दोन जागा असाव्यात आणि त्यातली एक रिकामी असावी, हे इतकं नेहमीचं झालंय की त्याचं कोणाला काही वाटत नाही. मग उरलेल्या एकाने सकाळी ओपीडी करायची, दुपारी गावात लसीकरणाचं सत्र, संध्याकाळी वरिष्ठांबरोबर व्हीसी म्हणजे व्हिडिओ बैठक, रात्री डिलिव्हरी आली तर तीही, आणि मधल्या वेळात पोर्टलं भरायची. हा माणूस दमतो, चिडतो, अर्ज टाकून निघून जातो. त्यावर आपण काय करतो? ताणतणाव कसा हाताळावा यावर व्याख्यान ठेवतो आणि नाईट करून आलेल्या माणसालाच ते ऐकायला बसवतो. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ते वेगवेगळ्या क्षेत्रांतले लोक होते, केवळ दवाखान्यातले नव्हेत. ध्यानाचे वर्ग, मनोबलाचं प्रशिक्षण, ताण कमी करणारी अ‍ॅप ज्यांनी वापरली, ते न वापरणाऱ्यांपेक्षा बरे आहेत असं त्यांना दिसलं नाही. मला यात नवल वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. म्हणजे दोष कामाच्या जागेत आहे. आपण मात्र औषध परिचारिकेच्या मनाला देतो.

सिस्टर : व्याख्यानाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, डॉक्टर. नाईट करून आलेल्या पोरीला तीन तास खुर्चीवर बसवणं हा तिच्या झोपेवर दरोडा आहे. पण तुम्ही व्याख्यानालाच कल्याण समजून ते फेटाळलंत, आणि त्याबरोबर ज्यांनी खरंच माणसं टिकतात त्या गोष्टीही फेटाळून टाकल्या. अमेरिकेत १९८० च्या सुमारास परिचारिकांची अशीच टंचाई होती. तिथल्या नर्सिंग अकादमीने उलटा प्रश्न विचारला. परिचारिका का जातात हे शोधण्याऐवजी, टंचाईतही ज्या रुग्णालयांत त्या राहिल्या ती रुग्णालयं शोधली. १९८३ मध्ये अहवाल आला. १६३ पैकी ४१ रुग्णालयं निवडली गेली. तिथे सापडलं काय? पुरेशी माणसं, वॉर्डात दिसणारी आणि ऐकून घेणारी मेट्रन, ड्युटीच्या वेळा ठरवताना परिचारिकेचं मत, स्वतःच्या कामाबद्दल निर्णय घेण्याची मोकळीक, शिकायची संधी. यात प्राणायाम नव्हता. माझ्यासाठी कल्याण म्हणजे ही यादी. आपल्याकडे उतरवायची तर ती अगदी साध्या गोष्टींची होते. महिन्याची ड्युटी लिस्ट महिना सुरू व्हायच्या आधी लागली पाहिजे. नाईट संपल्यावरचा ऑफ 'आजचा दिवस या, पुढे बघू' म्हणून खाऊ नये. ड्युटी रूमच्या दाराला आतून कडी असावी, शेजारच्या संडासात पाणी असावं. पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला जागा नाही म्हणून बारा तास तसंच काढणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. मानसिक आरोग्याचं सत्र त्यांना काय सांगणार? कडी आणि पाणी मात्र त्यांना थांबवू शकतं.

डॉक्टर : कडी आणि पाणी आजच्या आज द्यावं, त्यात वाद नाही. पण लिस्टपाशी मी अडतो. लिस्ट कितीही न्यायाने लावा, तिच्यात नावंच कमी असतील तर तुम्ही फक्त कमतरता सारखी वाटताय. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास या बाबतीत स्पष्ट आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या रुग्णालयांत एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती, आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. दमलेली परिचारिका आणि दगावलेला रुग्ण, दोघांचा हिशेब एकाच आकड्याशी जाऊन मिळतो. तो आकडा मंजूर पदांच्या फाइलवर ठरतो, वॉर्डात ठरत नाही. दुसरं म्हणजे, आपण 'टिकले' कोणाला म्हणतो? सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेला डॉक्टर एक वर्ष बाँडवर येतो, नाहीतर दहा लाख भरतो. ते वर्ष तो जिल्ह्याच्या आकड्यात भरलेलं पद असतो. मनाने पहिल्या आठवड्यातच पीजीच्या पुस्तकात असतो. त्याला मी दोष देत नाही. पण दंडाच्या भीतीने थांबलेला आणि आवडीने थांबलेला असे दोघे एकाच रकान्यात मोजले, तर कोणती प्रथा उपयोगी पडली हे कधीच कळणार नाही.

सिस्टर : पदं भरा, हे मीही म्हणते, घसा कोरडा पडेपर्यंत म्हणते. पण मला एक सांगा. सेनगाव तालुक्यातल्या दोन केंद्रांची कल्पना करा. पगार तोच, रिकाम्या जागा सारख्याच, रस्ताही तसाच खराब. एका ठिकाणी माणसं दर वर्षाला बदलतात, दुसऱ्या ठिकाणी तीच सिस्टर, तोच फार्मासिस्ट, तोच शिपाई वर्षानुवर्षं. अशा जोड्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत, तुम्हीही पाहिल्या असतील. फाइल दोघांची एकच असताना हा फरक येतो कुठून? माझं उत्तर असं की वाईट वेळी पाठीशी कोण उभं राहतं यावरून येतो. शेजारच्या नांदेडचंच घ्या. विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. आपल्या भागातून रेफर केलेली लेकरं तिथेच जातात, म्हणून ती बातमी आम्हाला घरची होती. औषधं किती होती, माणसं किती होती, याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण ३ ऑक्टोबरला आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार तिथे गेले, प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यासमोर त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. पुढे गुन्हा दाखल झाला, निषेध झाले. पण त्या दिवशी मराठवाड्यातल्या प्रत्येक ड्युटी रूममध्ये तो व्हिडिओ फिरला, आणि बघणाऱ्या प्रत्येकाने मनात एकच हिशेब केला : अधिष्ठात्याची ही गत, तर माझ्यावर वेळ आली तर मला कोण वाचवणार? माणूस नोकरी सोडतो तो असल्या हिशेबानंतर. राजीनामा भले सहा महिन्यांनी लिहितो.

डॉक्टर : त्या घटनेबद्दल माझं तुमच्याशी दुमत नाही. पण त्यावरची प्रथा कोणती? आदर राखा असं परिपत्रक?

सिस्टर : परिपत्रक नको. रुग्णालयांतल्या हिंसेविरुद्ध आपल्या राज्याचा कायदा २०१० पासून आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तरी रात्री दोन वाजता वॉर्डात शिरलेल्या पंधरा नातेवाइकांसमोर तो कायदा येऊन उभा राहत नाही. मी म्हणते ती प्रथा अशी : वॉर्डात मृत्यू झाला की नातेवाइकांना सांगायला एकटी सिस्टर जाणार नाही. ज्येष्ठ डॉक्टर बरोबर जाईल आणि तोच बोलेल. मारहाण झाली तर पोलिसांत फिर्याद संस्था देईल, मार खाल्लेल्या पोरीला स्वतःच्या नावाने ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावणार नाही. आणि एखादं बाळ गेल्यावर त्या पाळीतले सगळे दुसऱ्या दिवशी अर्धा तास एकत्र बसतील, चौकशी म्हणून नव्हे, काय झालं ते एकमेकांना सांगायला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हे पारखून पाहिलंय. ७४ डॉक्टरांपैकी काहींना नऊ महिने, दर पंधरवड्याला एक तास लहान गटात बसून बोलायला दिला. त्यांना कामाचा अर्थ जास्त वाटू लागला, रुग्णाला वस्तू समजण्याची कोरडी वृत्ती कमी झाली, आणि परिणाम वर्षभराने पाहिला तरी टिकून होता. त्यातली माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की तो तास कामाच्या वेळेतून दिला होता. संस्थेने स्वतःच्या खिशातून काढून दिला. आणि एवढ्या लांब कशाला जायचं? जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायका आरोग्य सेविका झाल्या. पगाराच्या नावाने फारसं काही नव्हतं. तरी त्यांतल्या अनेकींनी उभा जन्म ते काम केलं. त्या दर आठवड्याला जामखेडला जमत, शिकत, आपल्या गावचं सांगत, आणि तज्ज्ञ डॉक्टर त्यांचं म्हणणं कान देऊन ऐकत. गावात जिला कोणी दारात उभं करत नव्हतं, तिला आठवड्यातून एकदा अशी जागा मिळत होती. त्यावर ती टिकली.

डॉक्टर : जामखेडचं नाव काढलंत की मी मान झुकवतो. पण जामखेडला आरोळे होते, आणि ते तिथेच राहिले. सरकारी यंत्रणेत २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने अधिकाऱ्याचा एका जागी मुक्काम साधारण तीन वर्षांचा. चांगला वैद्यकीय अधीक्षक येतो, लिस्ट नीट लागते, ड्युटी रूमला पंखा येतो, पोरी हसायला लागतात. त्याची बदली होते आणि दोन महिन्यांत सगळं पूर्ववत. तुमच्या दोन केंद्रांतला फरक हा बहुधा एका भल्या माणसाचा फरक आहे. भल्या माणसांवर आरोग्यसेवा चालवणं मला धोक्याचं वाटतं, आणि याहून मोठा धोका पुढे आहे. तुमच्या ज्येष्ठ सिस्टरांच्या मायेमुळे तीन माणसांचं काम दोघी ओढतात, वॉर्ड चालतो, आणि वर अहवाल जातो की सेवा सुरळीत. मग तिसरं पद भरायची घाई कोणाला? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. पाहणीत उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. आणि शिफारस काय, तर आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत हाच आकडा ४८ होता. बत्तीस वर्षांत कल्याणाची भाषा वाढली आणि कल्याणाच्या नावाने मागायचे तास ४८ वरून ७४ झाले. सोसायची ताकद वाढवत गेलं की सोसायचं मापही वाढतं, अशी माझी भीती आहे.

सिस्टर : ही भीती खरी आहे. माझ्या वॉर्डाने ती खरी करून दाखवलीय, हेही मी कबूल करते. आम्ही निभावून नेलं म्हणून आम्हाला माणूस मिळालं नाही, असं झालेलं आहे. पण मग काय करायचं? वॉर्ड कोसळू द्यायचा, म्हणजे वर कळेल? कोसळतो तेव्हा त्याच्याखाली औंढ्याहून आलेली बाळंतीण असते. म्हणून मी भल्या माणसाच्या भलेपणाला कागदावर बांधायला सांगते. लिस्टचा नियम भिंतीवर लावा : सलग नाईट किती, ऑफ रद्द झाला तर बदली ऑफ किती दिवसांत, रद्द करणाऱ्याने कारण लिहून सही करायची. अधीक्षक बदलला तरी भिंत तिथेच राहते. पाळणाघर घ्या. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं असं ठरलं. स्टाफ नर्स बहुतेक पंचविशी-तिशीतल्या. लेकरू सासूकडे नांदेडला आणि आई हिंगोलीत, म्हणून किती जणी बदलीसाठी दारोदार फिरतात! त्यांना माणुसकी पगारापेक्षा जास्त हवी असते असं मी म्हणत नाही, पण लेकरू हाकेच्या अंतरावर असेल तर त्या तो अर्ज लिहिणार नाहीत. आणि मुख्यालयाचं काय? मुख्यालयी राहा असा आदेश, न राहिलं तर कारणे दाखवा, घरभाडं कापू. क्वार्टरला मात्र पावसाळ्यात छत गळतं, रात्री दिवा नाही, कुंपण पडलेलं. एकटी एएनएम तिथे कशी राहणार? मग परभणीहून, नांदेडहून अप-डाऊन सुरू होतं. जिल्हा १९९९ ला वेगळा झाला, पण आमची घरं, लेकरांच्या शाळा, नवऱ्यांच्या नोकऱ्या अजून जुन्या गावांतच आहेत. राहायला घर द्या, मग राहायचा आदेश द्या, एवढाच क्रम मी मागते.

डॉक्टर : आता बघा, तुम्ही बोलत गेलात आणि यादी कुठे पोहोचली. लिस्टची सही, बदली ऑफ, पाळणाघर, क्वार्टर. प्रत्येक गोष्टीत वरच्या कोणाला तरी पैसा नाहीतर अधिकार सोडावा लागतो. मग याला कल्याण का म्हणायचं? हा हक्क आहे. कल्याण देणारा दयाळू ठरतो, हक्क देणारा फक्त देणेकरी असतो. आणि हक्क संघटनेने मिळतो. आशाताई ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेल्या, पुन्हा जानेवारीत गेल्या, आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा मार्च २०२४ मध्ये मोबदल्यात पाच हजारांची वाढ मंजूर झाली. योगाने ती आली नसती. आरोग्य अभियानातल्या कंत्राटी लोकांना दहा वर्षं सेवेनंतर सामावून घ्यायचा निर्णय मार्च २०२४ चा, आणि तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. पंचवीस हजार ठरलेले आणि पंधरा हजार कामगिरीवर. त्या कामगिरीत गावकऱ्यांसाठी योग आणि वेलनेसची सत्रं घेणंही मोजतात. लोकांच्या स्वास्थ्याचे फोटो अपलोड झाले नाहीत म्हणून त्या पोराचा पगार कापला जाऊ शकतो. त्याच्या स्वास्थ्याचा रकाना कुठल्या पोर्टलवर आहे?

(दोघांचं बोलणं इथवर आलं की मला, लिहिणाऱ्याला, राहून राहून वाटतं की खरी भेग कायम आणि कंत्राटी यांच्यामधली आहे. कल्याणावरचं बरंचसं संशोधन असं गृहीत धरतं की माणूस मोकळेपणाने 'मी दमलोय' म्हणू शकतो. अकरा महिन्यांच्या आदेशावर काम करणाऱ्याला ते वाक्य परवडत नाही.)

सिस्टर : हक्क म्हणा, माझी हरकत नाही. मीही मोर्चात चाललेली बाई आहे. पण संपाला महिने लागतात, निर्णयाला वर्ष, अंमलबजावणीला आणखी किती ते तुम्हीच सांगितलंत. नवीन लागलेली पोर पहिल्या तीन महिन्यांत ठरवते, राहायचं की नाही. त्या तीन महिन्यांत तिच्यापर्यंत संघटना पोहोचत नाही. तिच्याबरोबर पहिली नाईट कोण करतं, तिचा पहिला चुकलेला आयव्ही बघून कोण ओरडतं आणि कोण हात धरून दाखवतं, यावर तिचं ठरतं. ते मला करता येतं, आजच्या पाळीत करता येतं. मात्र कंत्राटी पोरीबद्दल मी तुमच्यापुढे नमते, डॉक्टर. मी तिला म्हणते, 'बाळ, त्रास होतो तर सांग.' ती मान हलवते आणि सांगत नाही. कारण तिच्या मुदतवाढीच्या कागदावर जे शेरे जातात, त्यात माझाही शब्द असतो. जो हात पाठीवरून फिरवायचा, त्याच हातात तिचा कागद आहे. कोविडमध्ये ज्या पोरींना रातोरात घेतलं, ज्यांच्यावर फुलं उधळली, त्यांना लाट ओसरल्यावर घरी पाठवलं. त्यांच्या धाकट्या बहिणी आता या नोकरीत येतात. त्यांना माझ्या मायेवर विश्वास का वाटावा?

डॉक्टर : मग मोजू या, सिस्टर. किती सत्रं घेतली ते नको. दर महिन्याला प्रत्येक संस्थेत किती ऑफ रद्द झाले, किती दिवसांत परत दिले, किती जणांनी सोडलं, त्यांत कंत्राटी किती, हे चार आकडे जिल्हा आढाव्यात अधीक्षकाला विचारा, जसे लसीकरणाचे विचारतात. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, शंभर जागा आहेत, जिल्हा रुग्णालय त्याला जोडलेलं आहे. मला धाकधूक अशी आहे की कॉलेजच्या जागा भरायच्या घाईत कळमनुरी-सेनगावची माणसं प्रतिनियुक्तीवर ओढली जातील. पण एक संधीही आहे. इथे शिकणारी मुलं पहिल्या वर्षापासून बघतील की या जिल्ह्यात माणसाला कसं वागवतात, आणि बाँडच्या वर्षी त्यावरूनच ठरवतील.

सिस्टर : आकडे चांगले आहेत. पण आढाव्यात विचारला जाणारा आकडा आपल्याकडे फार लवकर सुधारतो. ऑफ रद्द झाला तरी कागदावर दिलेला दिसेल, आणि पोरगी सही करेल. का करेल, ते आत्ताच बोललो आपण. त्यापेक्षा राहिलेल्यांना विचारा, बाहेरच्या माणसाकडून विचारा, की बाँड, कर्ज आणि नवऱ्याची नोकरी बाजूला ठेवली तर तुम्ही इथे कशावर थांबलात.

डॉक्टर : तुम्ही कशावर थांबलात?

सिस्टर : मी २००५ च्या आधी लागले. कायम आहे, जुनी पेन्शन आहे. आणि पहिल्या वर्षी मला एक अशी इन्चार्ज सिस्टर मिळाली, जी मला एकदाही रुग्णासमोर बोलली नाही. मी नेहमी तिचं नाव सांगते. पण पेन्शन नसती तर मी तिच्यासाठी थांबले असते का, हे मला खरंच सांगता येणार नाही. तशी वेळ माझ्यावर आली नाही.

डॉक्टर : म्हणजे तुमच्या अनुभवावरून कंत्राटी मुलीबद्दल काहीच म्हणता येत नाही.

सिस्टर : तिच्याबद्दल नाही म्हणता येत. पण तुमचं बाँडचं वर्ष आता संपेल आणि तुम्ही जाल. जाताना कारण म्हणून रिकामी पदं सांगाल, आणि ते खरंही असेल. तेवढं एक स्वतःला विचारून ठेवा. उद्या तुमच्या केंद्रातली दुसरी जागा भरली, आणि साहेब मात्र तेच राहिले, व्हीसीत सगळ्यांसमोर तुमचा आवाज बंद करणारे, तर तुम्ही आणखी एक वर्ष काढाल?

डॉक्टर : नाही काढणार. पण साहेब बदलले आणि जागा रिकामीच राहिली, तरीही नाही काढणार.